जिना उलटा उतरणारी भोईर

"मॅडम, भोईर मॅडम गेल्या," सलीम फोनवर म्हणाला, आणि मी त्याला विचारलं, "कुठे?"

मला खरंच वाटलं ती कुठेतरी गेलीये. कल्याणला, नाहीतर गावी मावशीकडे. मी नौपाड्यात औषधाच्या दुकानासमोर उभी होते, आईच्या गोळ्या घ्यायच्या होत्या. मग फोनमधून एक विचित्र आवाज यायला लागला. सलीमला रडताना मी कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे तो आवाज कसला आहे तेच आधी कळलं नाही. कळलं तेव्हा दुकानदार गोळ्यांची पिशवी माझ्यापुढे धरून उभा होता आणि मी ती घेत नव्हते.

आदल्या संध्याकाळीच बोललेली ती माझ्याशी. रविवारी येते म्हणाली, तुझ्या आईच्या हातचं थालीपीठ खायला. पाठ जरा धरलीये, बाकी मजेत. आणि आता नाही. पन्नाशी गाठली नव्हती. रोज पहाटे खाडीच्या बाजूला धावून येणारी बाई. आमच्या अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात शेवटी कोण जाईल असं कुणी विचारलं असतं, तर सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं असतं.

याला आता दोन महिने होत आले. मी अजून तिच्याबद्दल बोलताना 'आहे' म्हणते, आणि ऐकणारे मला दुरुस्त करत नाहीत.

तिचं नाव वंदना. पण फौजेच्या अकादमीत सगळ्यांना आडनावानेच हाक मारायची पद्धत, त्यामुळे ती भोईर आणि मी साने. पुढे फौज सुटली, केस पिकले, तरी ती कधी वंदना झाली नाही आणि मी मेधा झाले नाही. तिची आईसुद्धा मला साने म्हणते.

आम्ही अकादमीत गेलो तेव्हा मुलींना फौजेत घ्यायला लागून फार काळ झालेला नव्हता. दक्षिणेतला चिकट उन्हाळा, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, आणि सकाळ-संध्याकाळ पळणं. मी ठाण्याची, शाळेत भाषणात बक्षिसं मिळवलेली, पळण्यात शून्य. भोईर ठाकुर्लीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, त्याआधीच्या पिढ्या भातशेतीत आणि मिठागरात. उंचीने बेताची, पण खांदे असे की शिंप्याला दोनदा माप घ्यावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात खोल्यांची तपासणी झाली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली सुकट निघाली. वास सगळ्या मजल्यावर पसरलेला. तपासणीला आलेल्या मॅडमनी नाकाला रुमाल लावून हे काय म्हणून विचारलं. भोईरने सावधान उभं राहून सांगितलं, "राशन, मॅडम." ती ट्रंक डोक्यावर घेऊन तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. परत आली तेव्हा घामाने निथळत होती आणि हसत होती. म्हणाली, आमच्याकडे बायका याहून जड टोपल्या घेऊन बाजाराला जातात.

पळण्याच्या परीक्षेत ती पहिली यायची. आली की घड्याळवाल्याकडे एकदा बघायची आणि मागे वळून परत पळत सुटायची, शेवटच्या मुलीपर्यंत. शेवटची मुलगी म्हणजे बहुतेक वेळा मी. माझ्या बाजूने ती सावकाश पळायची. धीर द्यायची नाही, ओरडायचीही नाही. घरी आज काय केलं असेल, वालाचं बिरडं की चिंबोऱ्या, असलं काहीतरी बोलत राहायची. मला त्या वेळी शाकाहारी असल्याचासुद्धा विसर पडायचा. इन्स्ट्रक्टर साहेबांनी एकदा तिला सगळ्यांसमोर उभं करून झाडलं. इथे अधिकारी घडवतात, समाजसेवा करायची असेल तर घरी जा, असं म्हणाले. शिक्षा म्हणून तिची रविवारची सुट्टी गेली. पुढच्या परीक्षेला ती पहिली आली, आणि परत मागे आली.

मी तिला विचारलं होतं, का करतेस हे. ती बुटाची नाडी बांधत होती. "अगं, पुढे पोचून तिथे करायचं काय? एकटीच उभी राहू?"

यात काही थोर आहे असं तिला वाटत नव्हतं. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. मला वाटायचं, हिला एकटीला कंटाळा येतो.

मी पाच वर्षांनी बाहेर पडले, ती बरीच उशिरा, मेजर होऊन. ठाकुर्लीला परत आली, डोंबिवलीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, जमलं नाही आणि मग आठवण राहिली नाही. आईवडील स्टेशनजवळच्या जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नाही. डोंबिवली, ठाकुर्ली, कळवा, सगळीकडे अशा इमारती भरलेल्या आहेत. घेतल्या तेव्हा माणसं तिशीतली होती, पिशव्या घेऊन धावत वर जायची. आता तीच माणसं ऐंशीची आहेत, आणि एकदा वर अडकली की वरच राहतात.

तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती शाळेत होती. शेजाऱ्यांनी त्यांना चादरीत घालून खाली आणायला घेतलं. माणसं चांगली होती, जीव तोडून करत होती, पण जिना अरुंद, आणि दुसऱ्या मजल्यावर चादरीचं एक टोक सुटलं. वडील वाचले नाहीत. झटक्याने गेले की पडण्याने, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ज्याच्या हातून टोक सुटलं तो खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला होता, हा सलीम. दहाव्याच्या दिवसापर्यंत तो तिच्यासमोर आला नाही. मग तीच त्याच्या घरी गेली. त्याची बायको मला नंतर सांगत होती, की मॅडम आल्या, चहा घेतला आणि सलीमला म्हणाल्या, वेल्डिंगवाला कुणी माहितीये का चांगला.

त्यातून माणसाला बसवून जिन्यावरून उतरवायची ती खुर्ची झाली. लोखंडी चौकट, मागे वर दोन मुठी, पुढे खाली दोन मुठी, जुन्या गाड्यांचे सीट बेल्ट, पाय ठेवायला पट्टी. पहिल्या चाचणीला पेशंट म्हणून तिने मला ठाण्याहून बोलावलं. मी म्हटलं, वाळूचं पोतं ठेव ना. ती म्हणाली, पोतं बोलत नाही.

मला बांधलं आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. मी फौजेत पाच वर्षं काढलेली बाई, पण त्या खुर्चीत बसल्यावर जिना एकदम विहिरीसारखा दिसायला लागला. हात बांधलेले, पाय अधांतरी, आणि सगळा भार दुसऱ्याच्या मनगटांवर. मी डोळे मिटले तर ती रागावली. डोळे उघड आणि कसं वाटतंय ते सांग. मी सांगितलं, की समोर नुसता खड्डा दिसतो, माणूस दिसत नाही. त्या वेळी वरच्या मुठी तिच्या हातात होत्या आणि खाली सलीम पाठमोरा उतरत होता. तिने तिथेच जागा बदलली. त्या दिवसापासून ती कायम खालच्या बाजूला, तोंड पेशंटकडे करून, जिना उलटा उतरायची. पायरी पायाने चाचपायची, डोळे पेशंटवरून काढायची नाही. बसलेल्या माणसाला पूर्ण वेळ तिचा चेहरा दिसायचा.

तिच्याबरोबर नलूताई असायची, तळमजल्यावर शिवणकाम करणारी. ती आधी पुढे जाऊन जिन्यातल्या चपला, सायकली, कुंड्या बाजूला करायची. आणि वरच्या मुठींना सलीम. त्याच्या हातात मूठ देताना भोईर कधी काही बोलली नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हातात ती दिलीही नाही. वर्षानुवर्षं. डायलिसिसला जाणारे, प्लास्टर घातलेले, नातीच्या लग्नाला जायचं म्हणून नटून बसलेले. शाळा सुटली की तिचा फोन वाजायला लागायचा. भोईर म्हणजे भोईच, माझ्या नावातच पालखी आहे, असा विनोद ती प्रत्येक नव्या घरी करायची. आम्ही तो इतक्या वेळा ऐकलेला, की सलीम तिच्याआधीच हसून घ्यायचा.

एक विमलकाकू होत्या, डोंबिवलीतल्या. कंबरेच्या दुखण्यामुळे कित्येक वर्षं खाली उतरलेल्या नव्हत्या. मुलीने भोईरला फोन केला, आईला देवळात न्यायचंय. भोईरची एक सवय होती. घरच्यांचं सगळं ऐकून घ्यायची, मग खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून ज्याला न्यायचंय त्यालाच विचारायची, तुम्हाला कुठे जायचंय. काकू मुलीकडे बघत म्हणाल्या, भाजी घ्यायचीये. मुलगी म्हणाली, अगं, भाजी मी आणते की रोज. काकू म्हणाल्या, तू निबर भेंडी आणतेस.

त्या दिवशी मी बरोबर होते. काकूंना भाजीवालीसमोर खुर्चीत ठेवलं. त्यांनी प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघितलं, कोथिंबिरीवरून भांडण केलं, एक टोमॅटो परत ठेवला आणि दुसरा घेतला. भाजीवाली वैतागली. भोईर बाजूला उभी राहून अतिगोड चहा पीत होती आणि एवढी खूश होती, जसं काही तिची स्वतःची आई बाजाराला आली आहे. देवळात गेलोच नाही.

तिची स्वतःची आई मात्र त्या खुर्चीत कधी बसली नाही. गुडघे गेलेले, खाली उतरणं बंद झालेलं, तरी नाही. ज्या जिन्यावर नवरा गेला त्या जिन्यावरून उचलून नेलेलं तिला चालणार नव्हतं. भोईर दर सणाला विचारायची, आई दर सणाला नाही म्हणायची. तिथे भोईर जोर करायची नाही.

कुणावरच करायची नाही, आणि त्यावरून तिची भांडणंही व्हायची. कळव्याला एक निवृत्त बँकवाले आजोबा होते, एकटे. मुलाने त्यांना बदलापूरच्या बाजूला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरवलेलं. सामान खाली गाडीत गेलेलं, मुलगा घड्याळ बघत उभा. आजोबा खुर्चीत बसले, बेल्ट लावला, आणि भोईरने नेहमीसारखं त्यांनाच विचारलं, काका, येताय ना? आजोबा म्हणाले, नाही. तिने बेल्ट सोडला. मुलगा संतापला, तुम्हाला बोलावलंय कशाला म्हणाला. ती म्हणाली, "ज्यांना उचलायचं त्यांना विचारायला. तेच आधी." आणि त्याच्यासमोर खाली बसून राहिली. शेवटी सामान वर आणावं लागलं. ते सलीमनेच आणलं, बडबडत. पुढच्या वर्षी आजोबांनी स्वतःच फोन केला, आता येतो म्हणून. तेव्हा तिने नेलं. तो मुलगा तिला अजून आडमुठी बाई म्हणत असेल. मला ती भेटायला यायची तेव्हा या गोष्टीवर माझ्याशी वाद घालायची, कारण मुलाचंही काही चुकलं नव्हतं असं माझं मत होतं. ती म्हणायची, चुकलं नव्हतंच. पण खुर्चीत तो बसला नव्हता.

आता त्या सकाळचं सांगते. मी तिथे नव्हते. जे सांगते आहे ते मला जोशी सरांनी सांगितलं. सर गणित शिकवायचे, आता पाय काम करत नाहीत, डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतात. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भोईर शाळेत जायच्या आधी त्यांना डायलिसिससाठी उतरवायची. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी भिंतीकडे बघत एकेक वाक्य करून सांगितलं.

चौथा मजला नेहमीसारखा उतरला. ती त्यांना शाळेतल्या कुठल्यातरी मुलाच्या आगाऊपणाची गोष्ट सांगत होती. सर तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, नेहमीसारखेच, कारण बघायला समोर दुसरं काही नसतंच. तिसऱ्या मजल्याच्या खाली ती बोलायची थांबली. कपाळावर घाम आला. सरांना वाटलं, उकाडा आहे. मग तिचे ओठ पांढरे पडले. "मला दिसत होतं हो," सर म्हणाले. "माझ्याएवढं जवळून कुणालाच दिसत नव्हतं. सलीम माझ्या मागे, नलूताई खाली. मी तोंड उघडेपर्यंत ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, बोलू नका म्हणून."

वळणापर्यंत अजून काही पायऱ्या होत्या. त्या ती उतरली. एकेक, पाय चाचपत, उलटी. सपाट जागा आली तशी म्हणाली, "ठेवा." सलीमने ठेवलं. तिने खुर्चीचे आपल्या बाजूचे पाय जमिनीला टेकले आहेत का ते वाकून बघितलं, एकदा खुर्ची हलवून खात्री केली. मग ती भिंतीला टेकून खाली बसली. सरांना वाटलं, दम खातेय.

सर बेल्टने बांधलेले होते. त्यांना वाकता येत नव्हतं. ती त्यांच्या पायाशी होती आणि त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.

सलीम आणि नलूताईने मग सरांना सोडवून पायरीवर बसवलं आणि तिला त्याच खुर्चीत घालून खाली नेलं. सलीमची रिक्षा खालीच उभी होती. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलेलं. डॉक्टर मला म्हणाले, बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो, पाठ दुखते, जबडा दुखतो, छातीत कळ येईलच असं नाही. ते समजावून सांगत होते आणि मी मान हलवत होते. पाठ धरलीये. बाकी मजेत.

आणि सर त्या पायरीवर कठडा धरून बसून राहिले. शेजाऱ्यांना त्यांची आठवण यायला दुपार झाली. डायलिसिस राहिलं ते दुसऱ्या दिवशी झालं. सर मला परत परत एकच विचारत होते. ते त्या खुर्चीत नसते, तर तिने वरच खुर्ची टाकून बसकण मारली असती का, आणि मग ती वाचली असती का. मी म्हटलं, नाही सर. मला माहीत नाही. पण मी नाही म्हटलं.

डोंबिवलीत हॉस्पिटलमध्ये मी तिला बघितलं तेव्हा तिच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, नाड्या घट्ट. मी कितीतरी वेळ त्या बुटांकडेच बघत होते. कुणीतरी माझ्या हातात पाणी दिलं. बॅचच्या ग्रुपवर मला लिहायचं होतं, मी फोन काढला आणि काय लिहायचं ते सुचेना. आमच्यातल्या दोघी सीमेवर राहून आलेल्या, एकीच्या गाडीखाली स्फोट झालेला, तीसुद्धा ठणठणीत आहे. आणि ही डोंबिवलीत, सकाळी, जिन्यात. शेवटी मी फक्त 'भोईर गेली' लिहिलं. लगेच तिकडून एकीचं उत्तर आलं, कुठे?

दुपारी तिला ठाकुर्लीला आणलं. खाली सगळी तयारी चालली होती, गर्दी जमलेली, शाळेची मुलं रांगेत उभी. प्रश्न आईचा होता. सलीम वर गेला आणि म्हणाला, आई, चला, मी नेतो खाली, एकदाच. आईने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणाली, "तिला वर आना."

काही लोकांना ते पटलं नाही, उगीच वरखाली कशाला म्हणाले. सलीमने कुणाचं ऐकलं नाही. तिला वर नेलं, आईच्या खोलीत ठेवलं, आणि आम्ही बाहेर पॅसेजमध्ये उभे राहिलो. आतून रडण्याचा आवाज आला नाही. आई बोलत होती, हळू आवाजात, बराच वेळ. जेवायला हाक मारल्यासारखी एखाददुसरी ओळ ऐकू यायची. मग तिने दार उघडलं.

उतरवताना डोक्याची बाजू सलीमकडे आणि माझ्याकडे आली. खालच्या बाजूला पुरुष पुढे झाले, तर नलूताई त्यांच्यामधून वाट काढत आली आणि उलटी उभी राहिली. तिला कुणी बाजूला केलं नाही. नलूताईने पाय मागे टाकून पहिली पायरी चाचपली.

आई चौकट धरून दारात उभी होती. एवढ्या वर्षांत ती उंबऱ्यापर्यंतसुद्धा आलेली नव्हती. "हलू न्या रं," ती म्हणाली. "वलनाव भित लागंल तिला."

आम्ही हळू नेलं. वळणावर नलूताई थांबली. सलीमने एका हाताने भार घेतला, दुसरा हात भिंत आणि भोईरचं डोकं यांच्यामध्ये धरला, आणि आम्ही तिला वळवून खाली नेलं.